निवाडा आवाजानं करू नये

“वाढू का अजून?” कादंबरीत एवढंच छापलेलं असतं. दुपारी भांडण झालंय, रात्री दोघं जेवायला बसलेत, आणि बायको ताटाकडे बघत विचारते. कागदावरच्या या तीन शब्दांत सवय आहे, थकवा आहे. टोमणा असू शकतो, माघार असू शकते, बारा वर्षांची मायाही असू शकते. वाचणारा यातलं एकच काही निवडत नाही. सगळ्या शक्यता मनात धरून पुढच्या ओळीवर जातो. तेच वाक्य माइकसमोर उच्चारायचं म्हटलं की कुठला तरी एक सूर लावावाच लागतो. खवचट लावला की बायको कजाग ठरते, कापरा लावला की नवरा दुष्ट ठरतो. लेखिकेनं दोनशे पानं जो निवाडा जाणूनबुजून टाळला, तो तीन शब्दांत होऊन जातो.

2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं तेव्हा हिंदी-इंग्रजीच्या बरोबरीनं मराठी त्यात होती. तेव्हापासून लोकलमध्ये, ओट्यापाशी, सकाळच्या फेरीत मराठी कादंबऱ्या ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला आहे. ‘ऐकणं म्हणजे वाचणं का?’ हा वाद आता मागे टाकायला हवा. चातुर्मासात पोथी ऐकणाऱ्या आणि श्रवणाला नवविधा भक्तीत पहिलं स्थान देणाऱ्या समाजाला तो पडायचंही कारण नव्हतं. खरा प्रश्न वेगळा आहे. कोणतं पुस्तक कसं वाचून दाखवायचं, हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर? बिघडलेल्या संसारांच्या कादंबऱ्यांना तो सगळ्यात जास्त लागू होतो. या कादंबऱ्या कानासाठी उत्तम आहेत, आणि नेमक्या त्याच कादंबऱ्या चुकीच्या वाचनानं सगळ्यात लवकर मोडतात. म्हणून त्या संपूर्ण, एका आवाजात, पार्श्वसंगीताशिवाय आणि अभिनयाशिवाय वाचल्या जाव्यात, असं ठामपणे म्हणायला हवं.

कानासाठी उत्तम का, ते आधी. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ 1890 ते 1893 या काळात ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्यानं आली. यमू स्वतः बोलते. नवरा असेपर्यंत तिचा स्वतःचा संसार सुखाचा आहे, पण तिच्या आजूबाजूला आईचा संसार, मैत्रीण दुर्गीचा संसार असे मोडके संसार उभे आहेत, आणि ते ती बोलीच्या ओघात सांगत जाते. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ कादंबरी नव्हे, आत्मकथन. पण ते आधी तोंडी सांगितलं गेलं आणि अरुण साधूंनी शब्दबद्ध केलं. नावातच ऐकणाऱ्याला हाक आहे. घरातल्या दुःखाबद्दलचं मराठी लेखन अशा बोलण्यातून आलेलं आहे.

दुसरं कारण घराच्या रचनेत आहे. दोन खोल्यांच्या घरात टेबलावर पडलेलं पुस्तक सगळ्यांना दिसतं. मेघना पेठे यांची ‘नातिचरामि’ किंवा गौरी देशपांडे यांची एखादी दीर्घकथा उशाशी असेल तर कुणीतरी विचारतंच, “हे काय वाचतेयस?” कानातल्या इअरफोनला कुणी विचारत नाही. स्वतःच्या लग्नाबद्दल ज्या बाईला कुणाशी बोलता येत नाही, तिच्यापर्यंत ही कादंबरी भाजी निवडताना पोचते. एवढा एकांत छापील पुस्तकाला कधीच देता आला नव्हता. म्हणूनच त्या एकांतात तिच्या कानात काय ओतलं जातं याची काळजी करायची.

निवाड्याचा मुद्दा नुसत्या वाङ्मयीन चोखंदळपणाचा नाही. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी 1934 साली आली तेव्हा मुंबई प्रांतातल्या हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. बडोदा संस्थानात तो 1931 ला झाला होता, मुंबईत 1947 ला झाला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं देशभर वाट उघडली, पण ती दोष सिद्ध करण्याची वाट होती: कुणाचं काय चुकलं ते कोर्टाला दाखवा. परस्परसंमतीनं वेगळं होण्याचं कलम 1976 च्या दुरुस्तीनं आलं. कुणीही खलनायक नसताना संसार संपू शकतो, हे कायद्याला मान्य व्हायला इतकी वर्षं लागली. मराठी कादंबरीनं ते कितीतरी आधी ओळखलं होतं. वामन मल्हार जोशींनी 1934 मध्येच ‘इंदू काळे व सरला भोळे’ पत्रांतून लिहिली, म्हणजे प्रत्येकाला आपली बाजू आपल्या हस्ताक्षरात मांडू दिली. त्या परंपरेतल्या कादंबरीत नवऱ्याचे संवाद जाड, गुरगुरत्या आवाजात वाचणं म्हणजे तिला पुन्हा 1955 च्या कोर्टात उभं करणं.

“पण मग पात्रं वेगळी कशी कळणार? दोन आवाज नकोत का?” असं निर्माते विचारतात. इंग्रजी ऑडिओबुकांकडे बघून पडणारा हा प्रश्न आहे. मराठीत क्रियापदच सांगतं कोण बोलतंय. “येतेस का?” म्हटलं की समोर बाई आहे, “येतोस का?” म्हटलं की पुरुष. “मी निघाले” आणि “मी निघालो” यांत बोलणारा कळतो. जुन्या संसारात ती “अहो” आणि “तुम्ही” म्हणते, तो “अगं” आणि “तू” म्हणतो; नव्या संसारात ती “अरे” म्हणते किंवा नावानं हाक मारते. चार वाक्यांत ऐकणाऱ्याचा कान बसतो. (कोल्हापूरकडच्या बोलीत बायकाही “मी आलो” म्हणतात, तिथे ही खूण चालत नाही, आणि तिथे वाचून दाखवणाऱ्यानं “ती म्हणाली” किंचित ठळक करावं, बस्.) याच संबोधनांमध्ये संसाराचा खरा आलेखही असतो. पंधरा वर्षं “अहो” म्हणणारी बाई एका रात्री “तू” म्हणते, किंवा नेहमी “अगं” म्हणणारा नवरा थंडपणे तिला “तुम्ही” म्हणतो. तो बदल ऐकू यायचा तर आधीचा आवाज सपाट, स्थिर हवा. आधीपासूनच आरडाओरडा चालू असेल तर ते एक अक्षर त्यात बुडून जातं.

उच्चारांचं तसंच. या कादंबऱ्यांतला सगळ्यात नेहमीचा शब्द ‘जाच’. यातला ज ‘जहाज’ मधला आणि च ‘चमचा’ मधला. ‘जीवन’ आणि ‘चित्र’ मधले नव्हेत. ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण हे लिहायला एक, बोलायला दोन. मराठी माध्यमात न शिकलेल्या, पण आवाज चांगला असलेल्या कलाकारांकडून हे हमखास चुकतं. यंत्रानं तयार केलेल्या आवाजाकडूनही चुकतं, कारण लिपीत फरक दिसत नाही आणि वाक्याचा अर्थ धरल्याशिवाय तो ठरवता येत नाही. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘त्यांनीं केलें’, ‘घरांत’ असे अनुस्वार असतात. ते नाकात उच्चारायचे नाहीत. व्याकरणाची खूण म्हणून ते लिहिले जात. हरिभाऊंची यमू नाकात बोलू लागली की तीन पानांत हास्यास्पद वाटते, आणि तिचं दुःख ऐकणाऱ्याच्या हातून निसटतं. उलट ‘केले’ असं छापलेलं सरसकट ‘केलं’ म्हणून वाचणं ही दुसरी चूक. निवेदनात ‘केले’, संवादात ‘केलं’ हा फरक लेखकानं ठेवला असेल तर तो राखायचा. निवेदन करणारी बाई स्वतःला कशी सावरून घेते ते त्यातून कळतं.

आता शांततेबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. छापील पानावर दोन ओळींची रिकामी जागा किंवा तीन फुल्या दिसल्या की वाचकाला कळतं: काळ बदलला, जागा बदलली. बिघडलेल्या लग्नाची कादंबरी जवळपास नेहमीच पुढे-मागे जाते. आजचं भांडण, मग आठ वर्षांपूर्वीचा साखरपुडा, मग परत आज. ध्वनिमुद्रणात ती फट गेली तर ऐकणाऱ्याला वाटतं, भांडणानंतर लगेच समेट झाला. मापं अशी ठेवली तर भागतं: वाक्यानंतर साधारण अर्धा ते पाऊण सेकंद, परिच्छेदानंतर एक ते सव्वा, खंड बदलताना पूर्ण तीन सेकंद. संकलक घाईत असला की ‘डेड एअर’ म्हणजे वाया गेलेली शांतता म्हणून हेच तीन सेकंद कापतो. काही ॲपमध्ये शांतता आपोआप छाटण्याची सोय असते. या कादंबऱ्यांसाठी ऐकणाऱ्यानं ती बंद ठेवावी. लेखकाची तीन टिंबं प्रत्येक वेळी लांब सुस्काऱ्यानं भरायची नसतात. मराठीत ती फार सढळ हातानं वापरलेली असतात. पन्नासांतली पाच खरी असतात, आणि ती कुठली हे आधी पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय कळत नाही.

पत्ररूप कादंबरीत अडचण वेगळी. पत्राखाली सही असते, आणि छापील पानावर डोळा आधी तिथे जाऊन येतो. कान जाऊन येऊ शकत नाही. गौरी देशपांडे यांची ‘कारावासातून पत्रे’ घ्या किंवा वामन मल्हारांची कादंबरी. पत्रं अनेकांची असतील तर प्रत्येक पत्राआधी ‘अमुकचं तमुकला पत्र’ एवढं निवेदकानं सांगणं मला गैर वाटत नाही. हस्तक्षेप असलाच तर तो एवढाच असावा, आणि सुरुवातीलाच तो जाहीर करावा.

संक्षिप्त आवृत्त्यांचा हिशोब साधा आहे. मराठीचं सावकाश, स्वच्छ वाचन मिनिटाला 115 ते 125 शब्दांच्या आसपास होतं, म्हणजे तासाला सात ते साडेसात हजार. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला आठ ते साडेआठ तास लागतात. तीच कोणी तीन तासांत देत असेल तर तिच्यातले बावीस हजार शब्द उरले, जवळपास दोन तृतीयांश गेले. काय जातं? भांडणं आणि घर सोडून जाणं सहसा जात नाही. जातात ती पुन्हा पुन्हा येणारी संध्याकाळ, तोच कुकर, तीच विचारपूस, तोच न विचारलेला प्रश्न. पण संसार बिघडतो तो या पुनरुक्तीतच. सत्तर वेळा “उशीर होईल” ऐकल्यावर एकाहत्तराव्या वेळी बाई उठून जाते, तेव्हा तिचं जाणं कळतं. सत्तर वेळांची एक वेळ केली की ती डोक्यात राख घालून गेली असं वाटतं. कादंबरीची टीव्ही मालिका होते ती इथे. कायद्यानंही संक्षेप हे रूपांतर आहे, त्याला वेगळी परवानगी लागते. लेखकांनी आणि वारसांनी करारात ‘संपूर्ण वाचन’ हे शब्द घालून घ्यावेत.

नभोनाट्याची परंपरा आपल्याकडे समृद्ध आहे, मग कादंबरीही तशी का नको, हा आक्षेप गंभीर आहे. नभोनाट्य ऐकण्यासाठीच लिहिलेलं असतं; त्यात दाराचा आवाज, पावलं, संगीत हे लेखकाचे शब्द असतात. कादंबरीत दार वाजल्याचं वाक्य असतं, आणि ते वाक्य कुणाच्या तरी मनातून आलेलं असतं. ‘त्यानं दार हळूच लोटलं, इतक्या हळू की तिला ते मुद्दाम वाटलं’ या वाक्याखाली दाराचा आवाज घातला तर दार खरं होतं आणि ‘तिला वाटलं’ हे खोटं होतं. कीर्तनकार उभा राहून रंगवतो, पोथी वाचणारा बसून वाचतो. दोघांचं काम मोठं आहे आणि वेगळं आहे. कादंबरीला दुसरा हवा. साधं वाचन म्हणजे रटाळ वाचन नव्हे. वाक्याचा भर नेमक्या शब्दावर पडला, श्वास अर्थाच्या जागी घेतला, तर सपाट आवाजालाही आठ तास ऐकता येतं. दृष्टिहीन वाचक बोलक्या पुस्तकांवर कित्येक दशकं वाढले ते अशाच वाचनावर. वेग दीडपट, दुप्पट करून ऐकणाऱ्या माणसाला हुंदके आणि व्हायोलिन हा अडथळाच होतो.

निर्मितीत गडबड कुठे होते? बहुतेक वेळा रेकॉर्डिंगच्या आधी. वाचून दाखवणाऱ्याला संहिता आदल्या रात्री मिळते आणि तो पहिल्यांदाच वाचत ध्वनिमुद्रण करतो. तेहतिसाव्या पानावर त्याला कळतं की ही सासू मवाळ आहे, तोवर पहिल्या दोन प्रकरणांत ती खाष्ट झालेली असते. क्रम असा हवा: पूर्ण पुस्तक एकदा शांतपणे वाचणं; पात्रं, नाती, संबोधनं यांचा एक कागद; अडणाऱ्या उच्चारांची यादी, शक्य असेल तर लेखकाला विचारून; मग मुद्रण, दिवसाला तीन-चार तासांपेक्षा जास्त नाही, कारण त्यानंतर आवाज दमतो आणि दमलेला आवाज करुण वाटतो. तयार एका तासासाठी दोन ते तीन तास मुद्रण, तेवढंच किंवा थोडं जास्त संकलन, आणि शेवटी छापील प्रत हातात धरून संपूर्ण ऐकणं. हे शेवटचं काम पैशाअभावी गाळलं जातं आणि गळलेल्या ओळी, दोनदा आलेली वाक्यं तशीच बाजारात जातात. तांत्रिक मापं जगभर जवळपास ठरलेली आहेत: सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल, शिखर उणे 3 च्या वर नाही, खोलीचा गोंगाट उणे 60 च्या खाली. उणे 60 चं माप आपल्या शहरात पंखा बंद करून आणि पहाटे काम करूनच जमतं. कुजबुजीच्या आवाजात प्रणयप्रसंग वाचण्याची जी खोड लागली आहे ती इथेही नडते. कुजबुज वर आणायला पातळी वाढवली की खोलीचा गोंगाटही वर येतो. ‘नातिचरामि’सारख्या पुस्तकात शरीराबद्दल जे सरळ लिहिलंय ते सरळ वाचावं. आवाज खाली नेला की लाज लेखिकेची नसून वाचणाऱ्याची आहे हे ऐकू येतं.

2016 मध्ये बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात ऐकणारे, वाचणारे आणि दोन्ही एकत्र करणारे यांच्या आकलनात ठळक फरक आढळला नव्हता. ऐकण्याच्या बाजूनं तो नेहमी पुढे केला जातो. पण तिथला मजकूर युद्धकाळातल्या सत्यकथेचा होता. काय घडलं हे कळण्यात फरक पडत नाही, एवढं त्यावरून म्हणता येतं. “वाढू का अजून?” मध्ये काय घडलं, हा प्रश्न त्या चाचणीच्या टप्प्यातला नाही.

सार्वजनिक पैशाचा विचार इथे यायला हवा. ॲपची वर्गणी भरणाऱ्यांपलीकडे मोठा महाराष्ट्र आहे, आणि 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली हजारो सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. त्यांची श्राव्य पुस्तकांची कपाटं कुठे आहेत? हरिभाऊ आपटे 1919 ला गेले, वामन मल्हार 1943 ला. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांचा स्वामित्वहक्क दोघांच्या बाबतीत कधीच संपला आहे. त्यांच्या कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित करायला कुणाची परवानगी लागत नाही. जिल्हा ग्रंथालयांनी वाटून घेतल्या तरी दोन वर्षांत हा सगळा ठेवा मोफत उभा राहील. 64 केबीपीएसच्या मोनो फाइलला तासाला 29 एमबी लागतात; आठ तासांची कादंबरी 230 एमबी, आणि 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर साठेक कादंबऱ्या मावतात. शिरूरकर आणि गौरी देशपांडे यांचे हक्क मात्र अजून अनेक दशकं वारसांकडे आहेत. तिथे एक गोष्ट वारसांनी लक्षात ठेवावी: 2012 च्या दुरुस्तीनंतर कायदा सांगतो की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचं नाव करारात स्पष्टपणे नसेल तर त्याचे हक्क दिले गेले असं धरता येत नाही, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, ही तरतूद त्याआधीपासूनच आहे. त्यामुळे छपाईचा जुना करार दाखवून कोणी ऑडिओ हक्क गृहीत धरत असेल, तर सही करण्याआधी तो करार वकिलाला दाखवावा. दृष्टिहीनांसाठी सुलभ प्रत करायला 2012 पासूनच कायद्यात वेगळी मोकळीक आहे. तिचा वापर करून ग्रंथालयं आजही सुरुवात करू शकतात.

ऐकणाऱ्याच्या हातातही बरंच आहे. अशी कादंबरी वेगानं ऐकू नये. एक किंवा फार तर सव्वापट. पहिलं प्रकरण दोनदा ऐकावं, कारण नाती तिथेच पक्की होतात आणि कानाला मागची पानं चाळता येत नाहीत. एका बैठकीला तीस-चाळीस मिनिटं पुरे. पोळ्या लाटताना ऐकता येतं, हिशोब करताना नाही. हात गुंतलेले चालतात, शब्द गुंतलेले चालत नाहीत. एखाद्या संवादानं पात्राबद्दल एकदम मत बनलं, तर तीस सेकंद मागे जाऊन तेवढं वाक्य स्वतःच्या तोंडानं, दुसऱ्या सुरात म्हणून पाहावं. मत टिकलं तर ते लेखिकेचं आहे. बदललं तर ते स्टुडिओत बनलं होतं, आणि मग ग्रंथालयातून छापील प्रत आणून तेवढं प्रकरण डोळ्यांनी वाचावं.

निर्मात्यांकडे एक मागणी लगेच करता येण्यासारखी आहे. कादंबरीचं शेवटचं वाक्य संपल्यावर पाच सेकंद काहीही नको. बाई दाराशी उभी आहे, आत जाते की बाहेर पडते हे लेखिकेनं लिहिलेलं नाही, आणि अर्ध्या सेकंदात धून वाजून पुढच्या पुस्तकाची जाहिरात सुरू होते. ती धून पाच सेकंद उशिरा वाजवायला काहीच खर्च येत नाही.